तीनदा आलेला माणूस

नाना, तुमच्याशी कागदावर बोलायची मला सवय नाही. तुम्ही होतात तेव्हा गरज पडली नाही, आणि गेल्यावर बावीस वर्षं मी फक्त तुमच्या फोटोचा हार बदलत आले. माझं मराठी लिहिणंही यथातथाच. शाळा हिंदी, नोकरी हिंदी, सही इंग्रजी. पण हे हिंदीत लिहिलं तर अर्जासारखं वाटेल, आणि एक अर्ज मी आधीच लिहून बसले आहे. त्या अर्जाचंच सांगायचं आहे. आधी थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे मला मध्येच पळ काढता येणार नाही. माझी नोकरी गेली, कर्जाचे हप्ते थकले, बँकेनं देवासच्या कोर्टात दावा लावला. समन्स घेऊन माणूस दारात आला, तेव्हा मी घरात होते आणि घरात नाही असं आईला सांगायला लावलं. एकदा नाही, तीनदा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कारण तुम्ही आयुष्यभर तेच तर काम केलंत.

धारच्या कोर्टात तुम्ही तामिलीवर होतात. कोर्टाचे कागद ज्याचे त्याच्या हातात नेऊन द्यायचे, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि मागच्या बाजूला काय घडलं ते लिहून नाझरसाहेबांकडे परत करायचं. तुमचे वडील संस्थानच्या दफ्तरात होते, म्हणून नातेवाईक तुमच्याबद्दल विचारलं की ‘कोर्टात असतात’ एवढंच सांगत आणि विषय बदलत. तुम्हांला त्याचं काही नव्हतं. कधी कुक्षी, कधी धरमपुरी, कधी नुसतं बस सोडेल तिथून पाच कोस पायी. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात अंगठ्याच्या शाईची डबी, एक फडकं आणि बामच्या रिकाम्या बाटलीत भरलेली खळ. माणूस सापडला नाही किंवा त्यानं कागद घ्यायला नकार दिला, तर समन्स दारावर चिकटवायचं, त्यासाठी. ती खळ आई सकाळी स्टोव्हवर शिजवायची. मैदा, पाणी, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि त्यासाठी एक वेगळं पातेलं, ज्यात दुसरं काही शिजवायचं नाही. गुठळी होऊ नये म्हणून ढवळायचं काम माझं. संध्याकाळी तुम्ही आलात की आई दमलात का, जेवता का, असलं काही विचारत नसे. तिचा प्रश्न ठरलेला, “खळ उरली का?” बाटली तशीच भरलेली परत आली की तुम्ही खुशीत असायचात, कारण मग सगळे कागद हातात पडलेले असायचे. आणि बाटली रिकामी आली त्या दिवशी तुम्ही मुकाट्यानं जेवायचात.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला धरमपुरीला नेलंत. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या आणि तुम्ही बसमध्ये मला खिडकी दिली होती. काम झालं की नर्मदेत पाय सोडून बसायचं असं तुम्ही कबूल केलं होतं, म्हणून मला त्या कामाची फारच घाई. घाटाच्या वरच्या गल्लीत एक मातीचं घर. दारात एक बाई उभी आहे, पदर दातात धरलेला. मालक पलीकडच्या तीरावर गेलेत, दोन दिवसांनी येतील, असं ती सांगते. आणि तिच्या पायाशी ओट्यावर एक अर्धी विडी पडली आहे, अजून धुमसते आहे. मी तुमचा हात ओढते, तुम्ही माझी बोटं जरा दाबता. म्हणजे तुम्हीही पाहिलं होतं. आता तुम्ही दोन ओळी लिहून, दारावर खळ फासून मोकळं व्हाल आणि आपण नदीवर जाऊ, असं मला वाटलं. तुम्ही मात्र ओट्यावर बसलात, प्यायला पाणी मागितलंत, सावकाश प्यायलात, आणि मग त्या बाईकडे नाही, तिच्या मागच्या उघड्या दाराकडे बघून बोललात.

“भिया, यो कागद फाँसी को नी हे. बुलावो हे. आओगा तो थारी भी सुनेगा, नी आओगा तो खाली उनकी सुनेगा.”

बराच वेळ काही झालं नाही. मग धान्याच्या कोठीमागून एक माणूस सदऱ्याची बटणं लावत बाहेर आला. तुम्ही त्याला विडीबद्दल चकार शब्द बोलला नाहीत. तारीख दोनदा वाचून दाखवलीत, अकराच्या आत धारला पोचायचं तर कुठली बस धरायची ते सांगितलंत, त्याचा अंगठा घेतलात आणि मग त्याच्या अंगठ्याची शाई आपल्याच फडक्यानं पुसलीत. परतीच्या बसमध्ये मी फुरंगटून विचारलं की तो घरात असून बायकोला खोटं बोलायला लावत होता हे माहीत असून तुम्ही रागावला का नाहीत. तो खोटारडा नाही, घाबरलाय, असं तुम्ही म्हणालात. आणि थोड्या वेळानं, मला वाटलं तुम्हांला डुलकी लागली, तेवढ्यात म्हणालात, “समोर न येणारा माणूस सुटत नाही गं. तो फक्त गप्प बसतो, आणि दुसरा बोलत राहतो.” नर्मदेत पाय सोडायचं मात्र राहूनच गेलं, कारण त्या ओट्यावर तुम्ही सगळा वेळ घालवलात. त्याचा मला पुढे कितीतरी दिवस राग होता.

आणखी एक दिवस आठवतो. तुम्ही कुक्षीहून रात्रभराचा प्रवास करून आला होतात आणि दुपारी झोपला होतात. गल्लीतले कुणी गृहस्थ जमिनीचा कागद वाचून घ्यायला आले. तुमची झोप मोडू नये म्हणून मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, नाना घरी नाहीत. ते कोपऱ्यापर्यंत गेले असतील नसतील, तुम्ही बनियनवरच उठून बाहेर आलात, त्यांना हाक मारून परत बोलावलंत आणि तासभर त्यांच्याजवळ बसलात. मला वाटलं, मला शाबासकी मिळेल. ते गेल्यावर तुम्ही मला समोर उभं केलंत. आवाज चढला नाही, तुमचा कधी चढायचाच नाही. “मी खरंच नसेन, त्या दिवसापासून हे वाक्य तुला सांगावंच लागणार आहे. तोवर जपून ठेव.” तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, नुसतं रडू आलं. बावीस वर्षांपूर्वी तुमच्या एका सोबत्याचा फोन आला, तेव्हा ते वाक्य मी पहिल्यांदा खरं बोलले.

आता इकडचं सांगते. निवृत्तीच्या पैशातून तुम्ही देवासला या दोन खोल्या घेतल्यात त्या माझ्या नावावर केल्यात. लग्न करायचं नाही म्हणतेस तर निदान छप्पर तरी तुझं असू दे, म्हणालात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजून टेकडी दिसते. औषधांच्या कंपनीत, तपासणीच्या लॅबमध्ये, मी चोवीस वर्षं काढली. त्या नोकरीच्या जोरावर आईच्या दोन्ही गुडघ्यांसाठी कर्ज घेतलं, आणि आई खरोखर चालायला लागली. मग एका सोमवारी कळलं की कंपनी सगळं यंत्र उचलून दुसऱ्या राज्यात चालली आहे. हिशेब नंतर मिळेल म्हणाले, तो अजून नंतरच आहे. मी त्रेपन्न वर्षांची, नाना. बारा ठिकाणी अर्ज केले. एका मुलाखतीत बाईंनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, रिटायरमेंटला. त्या हसल्या, मीही हसले, आणि नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. ठेव मोडून काही हप्ते भरले, मग ठेवही संपली.

माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं असंही नाही, हेच तर डाचतं. हप्ते थकण्याआधी मी स्वतः बँकेत गेले होते. हप्ता लहान करून द्या म्हणून लेखी दिलं, पोच घेतली. उत्तर आलंच नाही, दंड मात्र वाढत गेला. ही पोच घेऊन कोर्टात उभी राहिले असते तर कुणीतरी ऐकलं असतं. पण दाव्याची कुणकुण लागली आणि मला फक्त लाज वाटली. वाटलं, दोन महिने मिळाले तर नोकरी लागेल, मग ताठ मानेनं जाऊ. दोन महिने कसे मिळवायचे ते मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त ठाऊक होतं. कागद माझ्या हातात किंवा घरातल्या कुणा मोठ्याच्या हातात पडला नाही, तर तो माणूस परत जाणार, पुढची तारीख पडणार. हे सगळं मी तुमच्या ताटाशेजारी बसून शिकले होते. तुम्ही वैतागून सांगायचात की लोक काय काय युक्त्या करतात, आणि मी वरणभात कालवत ऐकायचे.

म्हणून मी आईला पढवलं. कागद घेऊ नकोस, सही करू नकोस, नाव सांगू नकोस, कधी येणार विचारलं तर माहीत नाही म्हण. “ह्यांच्या कामाचा माणूस आहे गं तो,” आई एवढंच म्हणाली. मी म्हटलं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी त्या दारात उभं केलं, नाना, जिनं तुमची खळ शिजवली तिला. पहिल्यांदा तिचा आवाज इतका कापत होता की मला आत वाटलं, तो ओळखणार. तो कागद घेऊन परत गेला. दुसऱ्या वेळी तो उदयनगरकडून मोटरसायकलवर आला होता, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं भरलेला. आईनं त्याला बस म्हटलं आणि चहा घेऊन जा म्हटलं. आता चहा करणार कोण? मी केला. आवाज होऊ नये म्हणून भांडं फडक्यानं धरून, ओट्याला चिकटून, स्वतःच्या घरात चोरासारखा. आई आत येऊन कप घेऊन गेली, ज्या गुडघ्यांसाठी कर्ज काढलं त्याच गुडघ्यांवर चालत. बाहेर तो तिला म्हणत होता की माताजी, मॅडमना सांगा, एकदा येऊन भेटा, काही होत नाही. तुम्ही असतात तर हेच म्हणाला असतात. तिसऱ्या वेळी त्यानं कागद दारावर चिकटवला. आता खळ नसते, चिकटपट्टी असते. ती ताणल्याचा आवाज मी आतून ऐकला. मोटरसायकल वळली आणि शेजारच्यांनी बघायच्या आत मी तो कागद फाडून आत आणला.

त्यावर तारीख होती. त्या तारखेला मी घरीच होते. लोणच्याच्या बरण्या पुसल्या, पंख्याची पाती पुसली, संध्याकाळी टेकडीवर जाऊन आले. कोर्टानं माझ्याशिवाय काम पुढे चालवायचा हुकूम केला, एकपक्षीय. म्हणजे आता बँकच बोलणार, आणि मग हुकूमनामा, आणि मग या दोन खोल्या. हे कळलं तेव्हा मी वकिलाकडे धावले. वकीलबाई चांगल्या आहेत, फी थांबून घेतात. त्यांनी दोन रस्ते सांगितले. चुकलं म्हणून कोर्टाची माफी मागायची. जजसाहेबांनी मानलं तर मानलं, नाहीतर घर गेलं. दुसरा रस्ता जास्त पक्का होता. “दीदी, लिख देते हैं कि तामील वाला आया ही नहीं. रोज़ लिखते हैं सब.” मी विचारलं, त्याचं काय होईल? त्या म्हणाल्या, सरकारी आदमी है, कुछ नहीं होता.

टायपिस्टनं विचारलं, पिताजी का नाम? मी सांगितलं. त्यानं अर्जाला जोडायच्या शपथपत्रावर माझ्या नावापुढे लिहिलं, पुत्री स्वर्गीय श्री, आणि तुमचं पूर्ण नाव. एक अक्षर चुकलं होतं, ते मी दुरुस्त करून घेतलं. खाली मजकूर, की तामिलीसाठी कोणीही व्यक्ती माझ्या घरी कधीच आली नाही. मी सही केली. नाना, तीस वर्षांत तुमचं नाव एकाही खोट्या रिपोर्टवर आलं नाही. आता आलं आहे, शुद्ध लिहिलेलं. मला याची शरम वाटते. तिथे सही करताना वाटली नाही, घाई होती. घरी येऊन हात धुताना वाटली.

कोर्टानं त्या माणसाला बोलावून घेतलं. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते, वकीलबाई आत होत्या. तो आला आणि माझ्यापासून जरा अंतर ठेवून उभा राहिला. केस पांढरे, सदरा इस्त्रीचा, खास घातलेला. मी फोनमध्ये डोकं घातलं. मग तो हात जोडून म्हणाला,

“मैडम, मैं आया नहीं था क्या?”

भांडायच्या सुरात नाही. खरंच विचारल्यासारखं, मलाच काही आठवत असेल तर सांगा, अशा सुरात. मी फोनवर बोट सरकवत राहिले. तेव्हा तो म्हणाला की निवृत्तीला सात महिने राहिलेत, म्हणून विचारलं, वाईट वाटून घेऊ नका. आणि जाता जाता, माताजींची तब्येत बरी आहे ना? मी मान हलवली. तेवढंच मला जमलं. पुकारा झाल्यावर आम्ही आत गेलो, तिथे त्यानं सांगितलं की तिन्ही वेळा माताजी भेटल्या, त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवला, तिसऱ्यांदा कागद लावला. वकीलबाईंनी विचारलं, साक्षीदार कोण होते? दोन लागतात, त्यानं एकच लिहिला होता. तो कागद उलटसुलट करून बघत राहिला. साहेबांनी त्याला लेखी खुलासा द्यायला सांगितलं आणि पुढची पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, दिली. त्या दिवशी मलाही उभं करून विचारणार आहेत. बाहेर आल्यावर वकीलबाई खूश होत्या. एवढंच म्हणायचं, म्हणाल्या, कोई नहीं आया. बाकी मैं देख लूँगी.

घरी आले तर आईनं त्या माणसाचं विचारलं. माझं काय झालं ते नाही, त्याचं. मी सगळं सांगितलं, कारण आईशी खोटं बोलायची ताकद त्या दिवशी उरली नव्हती. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तिनं कपाटातून मोतिया रंगाची साडी काढून गादीखाली घडी बसायला ठेवली होती. “मला घेऊन चल कोर्टात. तो आला होता. तीनदा. खोटं मी बोलले, ते त्याच्या अंगावर का?” मी सांगितलं की मग शपथपत्र खोटं ठरेल, मलाच शिक्षा होईल, घर जाईल. ती म्हणाली, शिक्षा झाली तर मी डबा आणीन. आणि घर जाईल तर जाईल, धारला तीस वर्षं भाड्यानंच राहिलो, कुठे काय बिघडलं. मी चिडले. तुला काही कळत नाही म्हटलं, रस्त्यावर आलो म्हणजे कळेल म्हटलं. ती रोज फक्त पेशी कधी आहे ते विचारते, आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या भियाला तिनं परस्पर सांगूनही ठेवलं आहे.

तिचं बरोबर आहे हे मला कळतं, नाना. मलाच उठून सांगता येईल, की तो आला होता आणि मी स्वयंपाकघरात होते. रोज रात्री मी हे वाक्य हिंदीत जुळवते, कोर्टात शोभेल असं, आणि रोज सकाळी ते मला दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. मग मी या दोन खोल्यांकडे बघते, आईच्या औषधांच्या डब्याकडे बघते, आणि त्या माणसाचे सात महिने मला लहान वाटू लागतात. माणसाला दुसऱ्याचे महिने किती लवकर लहान वाटतात. हे पत्र लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, लिहिता लिहिता मी काय करणार ते आपोआप ठरेल आणि तुम्हांला सांगून मोकळी होईन. तसं झालं नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, दाव्याचा कागद आणि बँकेची पोचपावती ठेवली आहे त्याच पिशवीत घालून ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं, ते लिहायला इतकी पानं लागली. पेशी बुधवारी आहे, नाना. आईला मी गुरुवार सांगितला आहे.